शोकाकडून संकल्पाकडे



अमेरिकेतील बालवाडीत जाणारे मूल रंग, अंक आणि अक्षरे शिकते, त्याच वयात आणखी एक गोष्ट शिकते. शिक्षिकेने ठरलेली सूचना देताच दिवे मालवायचे, दाराला आतून कुलूप घालायचे, दार आणि खिडकीतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात सर्वांनी खाली बसायचे आणि मुळीच आवाज करायचा नाही. या सरावाला तेथे ‘लॉकडाउन ड्रिल’ म्हणतात. करोनाच्या काळात ‘लॉकडाउन’ हा शब्द भारतात घरोघरी पोहोचला. अमेरिकेतील मुलांना तो त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता आणि त्याचा त्यांच्या लेखी अर्थ निराळा होता. आगीचा किंवा चक्रीवादळाचा सराव संकटातून वाचण्यासाठी असतो, तसाच हाही आहे. फरक इतकाच की येथे संकट म्हणजे बंदूक घेऊन शाळेत शिरणारा माणूस, आणि पुष्कळदा तो त्याच शाळेचा आजी वा माजी विद्यार्थी असतो.

जगातील सर्वांत संपन्न राष्ट्राला आपले मूल शाळेतून सुखरूप परत येईल याची हमी आईबापांना देता येत नाही, ही त्या राष्ट्राची मोठी वेदना आहे. ती दुरून पाहताना दोन मोह होतात. एक म्हणजे ‘त्यांची संस्कृतीच तशी’ असे म्हणून विषय संपविणे. दुसरा म्हणजे वृत्तपत्रातील बातमी वाचून क्षणभर हळहळणे आणि पान उलटणे. दोन्ही मोह टाळून हा विषय समजून घेतला पाहिजे. या सभागृहात बसलेल्या कितीतरी कुटुंबांची लेकरे-नातवंडे आज अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत शिकत आहेत, हे त्याचे एक कारण. आणि एखादा समाज अपार शोक करूनही कृतीपर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न कोणत्याही समाजाला अंतर्मुख करणारा आहे, हे दुसरे.

पाव शतकाची दुःखमालिका

२० एप्रिल १९९९ रोजी कोलोराडो राज्यातील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाचे प्राण घेतले आणि मग स्वतःला संपविले. त्यापूर्वीही शाळांत गोळीबार झाले होते. पण कोलंबाइनने देश मुळापासून हादरला. ‘असे पुन्हा घडता कामा नये’ हे वाक्य त्या दिवसांत सर्वांच्या तोंडी होते.

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात ३२ जणांची हत्या झाली. मृतांत मुंबईहून वास्तुशास्त्राच्या पुढील शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनी होती आणि तमिळनाडूत जन्मलेले एक भारतीय प्राध्यापकही होते. त्याच इमारतीत ७६ वर्षांचे प्राध्यापक लिव्हिऊ लिब्रेस्कू यांनी वर्गाचे दार आपल्या देहाने अडवून धरले, म्हणून त्यांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना खिडकीतून उड्या टाकून वाचता आले. लिब्रेस्कू हे बालपणी नाझी वंशसंहारातून वाचलेले ज्यू होते. त्या संहारातील बळींचे स्मरण इस्रायलमध्ये ज्या दिवशी चालू होते, त्याच दिवशी अमेरिकेतील एका वर्गाच्या दारात त्यांना मृत्यू आला.

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकट राज्यातील न्यूटाउन या शांत गावी सँडी हूक प्राथमिक शाळेत सहा-सात वर्षांची २० बालके आणि शाळेतील ६ प्रौढ स्त्रिया मारल्या गेल्या. मारेकऱ्याने शाळेत येण्यापूर्वी घरी आपल्या आईची हत्या केली होती, आणि वापरलेली शस्त्रे त्या आईनेच कायदेशीरपणे विकत घेतलेली होती. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलँड येथील हायस्कूलमध्ये १७ जण गेले. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डी येथील रॉब प्राथमिक शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका. २०२३ च्या मार्चमध्ये नॅशव्हिल, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जॉर्जिया राज्यातील अ‍ॅपलाची हायस्कूल. २७ ऑगस्ट २०२५ रोजी मिनियापोलिस येथे एका कॅथलिक शाळेची मुले नव्या शालेय वर्षाच्या आरंभीची प्रार्थना करीत असता चर्चच्या खिडक्यांतून गोळ्या आल्या आणि ८ व १० वर्षांची दोन बालके प्राणास मुकली.

ही यादी पूर्ण नाही. यात मारेकऱ्यांची नावे हेतुतः घेतलेली नाहीत. मुले गमावलेल्या अमेरिकन पालकांनीच ही मागणी लावून धरली आहे, कारण यातील कित्येकांना प्रसिद्धीची भूक होती आणि आधीच्या मारेकऱ्यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता.

शोक कमी पडत नाही

अमेरिकन समाज निर्विकार झाला आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. प्रत्येक घटनेनंतर राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरतो. मेणबत्त्या लागतात, शाळेच्या कुंपणाशी फुलांचे ढीग पडतात. न्यूटाउनला देशभरातून इतकी खेळणी आली, की ती ठेवायला गोदामे लागली. सँडी हूकच्या दिवशी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांना दूरचित्रवाणीवर बोलताना अश्रू आवरले नाहीत. शोक खरा असतो. त्यात ढोंग शोधणे हा त्या मातापित्यांवर अन्याय आहे.

तथापि या शोकाला आता एक ठरावीक चाकोरी पडली आहे. पहिल्या दिवशी धक्का, दुसऱ्या दिवशी राजकीय नेत्यांचे ‘आमचे विचार आणि प्रार्थना तुमच्यासोबत आहेत’ हे निवेदन, तिसऱ्या दिवशी कायद्याची मागणी, चौथ्या दिवशी ‘शोकाच्या वेळी राजकारण नको’ असा उपदेश, आणि पंधरवड्यात सर्वत्र शांतता. प्रार्थनेसारखी पवित्र गोष्ट. पण कृतीची जागा तिने घेतल्याचे पाहून मुले गमावलेल्या कित्येक आईबापांना तो शब्दसुद्धा ऐकवेनासा झाला. त्यांची चीड प्रार्थनेवर नाही. प्रार्थना करून हात झटकणाऱ्यांवर आहे.

न्यूटाउनच्या पालकांच्या वाट्याला तर याहून क्रूर असे काही आले. ‘हे हत्याकांड घडलेच नाही, हे सारे बंदुका काढून घेण्यासाठी सरकारने रचलेले नाटक आहे आणि हे आईबाप पगारी नट आहेत’ असा प्रचार अ‍ॅलेक्स जोन्स नावाच्या रेडिओवरील वक्त्याने वर्षानुवर्षे चालविला. त्याच्या श्रोत्यांनी या पालकांना धमक्या दिल्या, त्यांचा पाठलाग केला. सहा वर्षांचे लेकरू पुरून आलेल्या बापाला, आपले मूल खरोखर जन्मले होते आणि खरोखर मेले, हे जगाला पटवून देण्याची पाळी आली. २०२२ साली टेक्सास आणि कनेटिकटमधील न्यायालयांनी जोन्स याला एकूण सुमारे दीड अब्ज डॉलर भरपाईचा आदेश दिला. न्याय मिळाला खरा. पण त्याला दहा वर्षे लागली.

वाट कोठे अडते?

इतका शोक असताना कायदा का बदलत नाही, हा प्रश्न मराठी घरांत हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर त्या देशाच्या इतिहासात आणि राज्ययंत्रणेच्या रचनेत आहे.

१७९१ साली अमेरिकेच्या घटनेत दुसरी दुरुस्ती समाविष्ट झाली. तिच्यात सुसंघटित नागरी सेनेचा उल्लेख आहे आणि शस्त्र बाळगण्याच्या लोकांच्या अधिकाराचाही. परकीय राजसत्तेविरुद्ध लढून स्वतंत्र झालेल्या, स्वतःच्या केंद्र सरकारविषयीही साशंक असलेल्या वसाहतींची ती भावना होती. हा अधिकार नागरी सेनेपुरता की व्यक्तीचा, यावर दोन शतके वाद चालला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी तो व्यक्तीचा अधिकार असल्याचे ठरविले. २०२२ च्या जूनमध्ये, युवाल्डीच्या घटनेला महिनाही उलटला नसताना, ब्रुएन खटल्यात तो घराबाहेर शस्त्र बाळगण्यापर्यंत विस्तारला. हेलर निकालातही सर्व निर्बंध घटनाबाह्य ठरविलेले नाहीत, ही गोष्ट मात्र दोन्ही बाजूंच्या गदारोळात विसरली जाते.

दुसरा अडसर सिनेटचा. तेथे प्रत्येक राज्याला, लोकसंख्या कितीही असो, दोनच जागा आहेत आणि बहुतेक विधेयकांना १०० पैकी ६० मते असल्याखेरीज पुढे सरकता येत नाही. सँडी हूकनंतर चार महिन्यांनी, १७ एप्रिल २०१३ रोजी, बंदूक विकण्यापूर्वी ग्राहकाच्या पूर्वेतिहासाची तपासणी अधिक व्यवहारांना लागू करण्याचा प्रस्ताव सिनेटपुढे आला. दोन्ही पक्षांच्या प्रत्येकी एका सदस्याने तो मिळून मांडला होता. न्यूटाउनचे पालक राजधानीत ठाण मांडून होते. प्रस्तावाच्या बाजूने ५४ मते पडली, विरुद्ध ४६. बहुमत मिळूनही प्रस्ताव पडला. शोकाचे रूपांतर असहायतेत कसे होते, हे त्या दिवशी संपूर्ण देशाने पाहिले.

तिसरा अडसर संघटित दबावाचा. नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था १८७१ साली नेमबाजीचे शिक्षण देण्यासाठी स्थापन झाली. १९७७ नंतर तिचे स्वरूप पालटले आणि शस्त्रांवरील निर्बंधांना विरोध हे तिचे मुख्य कार्य बनले. १९९४ साली लष्करी धाटणीच्या काही रायफलींवर घातलेली बंदी १० वर्षांची होती. २००४ साली ती संपली आणि पुन्हा लागू झाली नाही. १९९६ साली संसदेने रोगनियंत्रण केंद्राच्या निधीला अशी अट जोडली, की बंदुकींमुळे होणाऱ्या मृत्यूंचे शासकीय संशोधन जवळजवळ दोन दशके थंडावले. ही अट ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या जे डिकी यांनीच पुढे तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. २००५ साली शस्त्रनिर्मात्यांना बहुतेक दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा झाला.

हे सांगताना न्याय्य बुद्धीने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शस्त्र बाळगणारे कोट्यवधी अमेरिकन नागरिक निर्व्यसनी, कायदा पाळणारे, शेतीवाडी आणि शिकारीत रमणारे आहेत. ज्या खेड्यात पोलीस पोहोचायला तासभर लागतो, तेथे घरातील बंदूक ही स्वसंरक्षणाची गरज वाटते. ‘माझा अपराध काय?’ हा त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. शस्त्राचा आदर भारतीय मनालाही परका नाही. खंडेनवमीला शस्त्र पुजले जाते. मात्र शस्त्राला मान देणाऱ्या परंपरेत ते कोणाच्या हाती द्यावे आणि कोणाच्या हाती देऊ नये, हा विवेक आधी येतो. अमेरिकेतील वाद खरे तर याच विवेकाबद्दल आहे. ‘बंदूक असावी की नसावी’ या टोकाच्या घोषणांत तो हरवून गेला आहे.

आकडे काय सांगतात?

‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या जिनिव्हातील संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतील नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या. म्हणजे दर १०० माणसांमागे सुमारे १२०. माणसांपेक्षा बंदुका जास्त. २०२३ साली त्या देशात बंदुकीने ४६ हजार ७०० हून अधिक मृत्यू झाले, दररोज सरासरी १२८. त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. शाळांतील हत्याकांडांच्या बातम्या जगभर जातात; पण रात्री आपल्या खोलीत वडिलांचे पिस्तूल कपाळाला लावणारा तरुण कोणत्याही बातमीत येत नाही.

२०२० साली आणखी एक विषण्ण करणारी नोंद झाली. अमेरिकेत १ ते १९ वयोगटातील मुलामुलींच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण तोवर मोटार-अपघात हे होते. त्या वर्षी ती जागा बंदुकीने घेतली. त्या एका वर्षात या वयाची ४,३०० हून अधिक मुले बंदुकीने गेली. मोटारींचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. रस्त्यावरील मृत्यू कमी करण्यासाठी अमेरिकेने मोटारी जप्त केल्या नाहीत. आसनपट्टा आला, लहान मुलांसाठी वेगळे आसन आले, परवान्याच्या अटी कडक झाल्या, दारू पिऊन वाहन चालविणाऱ्यांवर कठोर कारवाई झाली, रस्त्यांची रचना सुधारली. संशोधन झाले, उणिवा सापडल्या, त्या एकेक करून बुजविल्या गेल्या. बंदुकीच्या बाबतीत हेच साधे शहाणपण दशकानुदशके नाकारले गेले.

शाळांतील हल्ल्यांचा अभ्यास अमेरिकेच्या ‘सीक्रेट सर्व्हिस’ने केला. २०१९ च्या अहवालात दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोर विद्यार्थ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी ती आपल्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातूनच मिळविली होती. आणि बहुतेकांच्या वागण्याबोलण्यातून आधीच धोक्याची सूचना मिळालेली होती. कोणाच्या तरी कानावर ते आले होते, कोणाला तरी ते खटकले होते. पण ते योग्य ठिकाणी पोहोचले नाही, किंवा पोहोचून तेथेच थांबले.

ओझे लेकरांच्या खांद्यावर

मोठ्यांनी निर्णय टाळला की त्याचा भार लहानांवर येतो. शाळांच्या दारांना नवी कुलपे बसली, दारांत धातुशोधक यंत्रे आली, सशस्त्र रक्षक नेमले गेले. शाळा उघडण्याच्या हंगामात वह्या-पेन्सिलींबरोबर गोळी अडविणारी दप्तरेही विकली जाऊ लागली. यातील काही उपाय आवश्यक आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ‘दुष्टाच्या हातातील बंदुकीला सज्जनाच्या हातातील बंदूक हेच उत्तर’ हा जो सिद्धांत सँडी हूकनंतर आठवड्याभरात मांडला गेला, त्याची परीक्षा पुढील घटनांनी घेतली. पार्कलँडच्या शाळेत सशस्त्र अधिकारी होता. तो इमारतीबाहेरच थांबला. युवाल्डीत एकूण ३७६ सशस्त्र अधिकारी जमले, आणि तरीही मारेकरी आत शिरल्यापासून ७७ मिनिटे त्याला कोणी रोखले नाही. आतील मुले दबक्या आवाजात दूरध्वनी करून पोलिसांची याचना करीत होती. पोलीस बाहेरच्या मार्गिकेत उभे होते. आणि शाळेबाहेर आत धावू पाहणाऱ्या आईबापांना अडविले जात होते. नॅशव्हिलमध्ये याउलट पोलीस क्षणाचाही विलंब न लावता आत शिरले आणि पहिल्या दूरध्वनीनंतर सुमारे १४ मिनिटांत सारे संपले. पण त्या १४ मिनिटांतही नऊ-नऊ वर्षांची तीन मुले आणि तीन प्रौढ गेले होते. शौर्य अमूल्य आहे, यात शंका नाही. मात्र बंदूक शाळेच्या दाराशी पोहोचल्यावर सुरू होणारा प्रत्येक उपाय कितीही शूर असला, तरी उशिराच पोहोचतो.

संकल्प जेथे झाला

यावर मार्गच नाही, असे मानण्याचे कारण नाही. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे १६ बालके आणि त्यांच्या शिक्षिकेची हत्या झाली. तेथील पालकांनी लोकमत जागविले, लाखो सह्या गोळा झाल्या आणि १९९७ अखेर ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. त्यानंतर ब्रिटनच्या कोणत्याही शाळेत असे हत्याकांड झालेले नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर येथे ३५ जण मारले गेले. अवघ्या बारा दिवसांत सर्व राज्ये एका करारावर एकत्र आली आणि सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. तेथील पंतप्रधान जॉन हॉवर्ड हे उजव्या विचारांचे नेते होते आणि विरोध त्यांच्या स्वतःच्या ग्रामीण मतदारांकडून होता. तरी ते मागे हटले नाहीत. १४ डिसेंबर २०२५ रोजी सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर ज्यूंच्या उत्सवावर झालेल्या हल्ल्यात १५ जण गेले, तेव्हा कायदा हे अभेद्य कवच नसते, हेही दिसले. पण दुसऱ्याच दिवशी तेथील केंद्र व राज्य सरकारांनी एकत्र बसून कायदे आणखी कडक करण्याचा निर्णय घेतला. शोक आणि निर्णय यांत अंतर किती असावे, याचे ते उदाहरण होय.

अमेरिकेची घटना निराळी, इतिहास निराळा. तेथे हे जसेच्या तसे होणार नाही. परंतु तेथेही जेथे माणसे चिकाटीने उभी राहिली, तेथे दार किलकिले झाले आहे. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावरील हल्ल्यात त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रॅडी कायमचे अपंग झाले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने वर्षानुवर्षे झटून १९९३ साली पूर्वेतिहास तपासणीचा कायदा करवून घेतला. कोलंबाइनमधील चारपैकी तीन बंदुका एका प्रदर्शनात खासगी विक्रेत्यांकडून, तपासणीविना घेतलेल्या होत्या. २००० साली कोलोराडोच्या मतदारांनी थेट मतदानाने ती पळवाट बंद केली. पार्कलँडची मुले मित्रांच्या अंत्यविधींवरून थेट विधिमंडळात गेली, आणि बंदूकधार्जिणे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फ्लोरिडात महिनाभराच्या आत बंदूक खरेदीचे किमान वय २१ झाले. धोकादायक व्यक्तीकडील शस्त्र न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरते काढून घेण्याची तरतूदही झाली.

युवाल्डीनंतर, २५ जून २०२२ रोजी, जवळजवळ तीस वर्षांत प्रथमच केंद्रीय पातळीवर भरीव कायदा झाला. २१ वर्षांखालील ग्राहकांची अधिक कसून तपासणी आणि मानसिक आरोग्यासाठी निधी अशा त्यातील तरतुदी. सिनेटमध्ये ६५ विरुद्ध ३३ मते पडली. दोन्ही पक्षांची माणसे एकत्र आली. न्यूटाउनच्या नऊ कुटुंबांनी रायफल बनविणाऱ्या रेमिंग्टन कंपनीवर दावा लावला; शस्त्रनिर्मात्यांना संरक्षण देणारा कायदा असताना, जाहिरातींच्या मुद्द्यावर तो चिकाटीने लढविला आणि २०२२ साली ७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली. मिशिगनमध्ये २०२१ साली एका विद्यार्थ्याने चार सहाध्यायांना मारले. वापरलेले पिस्तूल त्याच्या वडिलांनी चारच दिवस आधी घेतले होते. २०२४ साली त्याच्या आई आणि वडील या दोघांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. शाळेतील हत्याकांडाबद्दल पालकांना असे जबाबदार धरण्याची ही अमेरिकेतील पहिली वेळ.

न्यूटाउनच्याच काही पालकांनी ‘सँडी हूक प्रॉमिस’ ही संस्था उभी केली. मुलांनी मित्राच्या वागण्यातील धोक्याची चिन्हे ओळखावीत आणि नाव न सांगता योग्य ठिकाणी कळवावीत, याचे शिक्षण ती शाळाशाळांतून देते. स्वतःचे मूल गेल्यावर दुसऱ्यांची मुले वाचविण्यासाठी आयुष्य वेचणे, याला तपश्चर्येखेरीज दुसरा शब्द नाही.

मराठी घरांसाठी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या प्रश्नापासून अलिप्त राहता येणार नाही. व्हर्जिनिया टेकचा उल्लेख वर आलाच आहे. ५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिनमधील ओक क्रीक येथील गुरुद्वारात झालेल्या गोळीबारात सहा भाविक गेले आणि जबर जखमी झालेल्या आणखी एकाचा २०२० साली मृत्यू झाला. ‘आपण बरे, आपले काम बरे’ हे धोरण गोळीला समजत नाही.

तेथील बालरोगतज्ज्ञ एक साधी सवय सुचवितात. मूल ज्या घरी खेळायला जाते, त्या घरी बंदूक आहे का आणि असल्यास ती रिकामी करून कुलपात ठेवली आहे का, हे त्या घरच्या वडीलधाऱ्यांना आधी विचारावे. भारतीय मनाला हा प्रश्न उद्धट वाटतो. परंतु पोहण्याचा तलाव आहे का, कुत्रा चावतो का, हे विचारताना संकोच होत नाही. मग याच प्रश्नाला का व्हावा? मूल अबोल झाले, वर्गात एकटे पडले, कोणाच्या छळाला बळी पडले, तर ‘अभ्यासात लक्ष दे म्हणजे सारे ठीक होईल’ एवढ्यावर न थांबता त्याच्याशी बोलावे, शाळेशी बोलावे, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. जे नागरिक झाले आहेत, त्यांनी शाळा-मंडळाच्या बैठकांना जावे, मतदान करावे. ज्या भूमीने अन्न आणि मान दिला, तिच्या दुःखात वाटा उचलणे हा कृतज्ञतेचाच भाग आहे.

भारतातील घरांनीही निश्चिंत राहू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार भारतात बंदुकीसाठी परवाना लागतो, आणि त्यामुळे असे प्रकार येथे विरळ आहेत. पण विरळ म्हणजे अशक्य नव्हे. ११ डिसेंबर २००७ रोजी गुडगावमधील एका खासगी शाळेत दोन मुलांनी आपल्या १४ वर्षांच्या वर्गमित्राला गोळ्या घातल्या. पिस्तूल त्यांच्यापैकी एकाच्या वडिलांचे होते. घरातील शस्त्र, वयात येणाऱ्या मुलाच्या मनातील राग आणि वडीलधाऱ्यांचे दुर्लक्ष हे तीन घटक एकत्र आले, की कोलोराडो आणि गुडगाव यांत अंतर उरत नाही.

२०२४ च्या जूनमध्ये न्यूटाउन हायस्कूलचा पदवीदान समारंभ झाला. सँडी हूकच्या त्या सकाळी शाळेत असलेली आणि वाचलेली सुमारे ६० मुले त्या दिवशी पदवीधर झाली. जी २० मुले त्यांच्याबरोबर असायला हवी होती, त्यांच्यासाठी अनेकांनी अंगावर हिरव्या-पांढऱ्या फिती लावल्या होत्या. ही वाचलेली मुले आता मतदार झाली आहेत. कोपऱ्यात श्वास रोखून बसायला शिकलेली ती एक संपूर्ण पिढी आहे. तिने शोक पाहिला आहे, शोकसभाही पुष्कळ पाहिल्या आहेत. २०१३ साली सिनेटमध्ये जी सहा मते कमी पडली, ती मिळविण्याचे काम आता या पिढीकडे आले आहे. ती ते करू शकेल अशी आशा बाळगण्यास जागा आहे, आणि तिच्या या प्रयत्नात तेथील मराठी घरांतील मुलेही मागे असू नयेत.